तणमोराचे पाकीट

माळरानाला लागून असलेल्या एका शहरात निशिगंधा नावाची तरुणी राहत होती. वन्यप्राण्याचे नवे टपाल तिकीट निघाले, की ती पाकिटावर त्या प्राण्याचे चित्र रंगवी, तिकीट चिकटवी आणि त्याच दिवशी पोस्टाचा शिक्का मारून घेई. अशा पाकिटाला फर्स्ट डे कव्हर म्हणतात. हाताने रंगवलेली अशी पाकिटे फार विरळा. त्यातून तिचा हट्ट असा, की जो प्राणी आपल्या डोळ्यांनी पाहिला नाही, तो रंगवायचा नाही.

तिचे काका अच्युतराव हेही अशी पाकिटे करणारे मोठे संग्राहक. दरवर्षी अशा पाकिटांच्या प्रदर्शनात पहिला मान त्यांचाच. यंदा तो आपण मिळवायचाच, असे निशिगंधाने ठरवले होते. संच पुरा व्हायला एकच पाकीट हवे होते, तणमोराचे.

तिकीट निघण्याचा दिवस उजाडला, तरी हा लाजाळू पक्षी तिला दिसला नव्हता. ती सकाळपासून गवतात दबा धरून बसली. ऊन कलल्यावर कुठे काळाभोर नर गवतातून उंच उसळला! तिने धावत घर गाठले, चित्र रंगवले. पण तोवर पोस्ट बंद झाले होते. शिक्का बसला तो दुसऱ्या दिवसाचा.

प्रदर्शनाचा नियम कडक होता. आधी चित्र, मग त्यावर शिक्का, आणि तोही पहिल्याच दिवसाचा. एक पाकीट चुकले, की सगळा संच बाद.

काका हसले. "पक्ष्याची वाट बघत बसलीस? अगं, तिकिटावर छापलाय की तो!" मग त्यांनी एक पाकीट पुढे केले. चित्र नसलेले, पण पहिल्या दिवसाचा शिक्का असलेले. "यावर चित्र काढ आणि बारीक कुंचल्याने शिक्क्याच्या रेघा वरून पुन्हा ओढ. मान माझा काय, तुझा काय, घरातच राहील."

"काका, तुम्ही असंच करता?"

"सगळेच करतात. तुला अजून जग कळायचंय."

"मग नाही कळलं तरी चालेल." तिने पाकीट परत केले.

प्रदर्शनात तिने तणमोराखाली ठळक अक्षरांत चिठ्ठी लावली: 'शिक्का दुसऱ्या दिवसाचा आहे.'

परगावच्या परीक्षक बाईंनी ती वाचली. "संच बाद होईल, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"तरी स्वतःहून लिहिलंत. मग तुमची बाकीची पाकिटं मला तपासायला नकोत," बाई म्हणाल्या. काकांच्या टेबलाशी मात्र त्यांनी भिंग बाहेर काढले.

काकांनी हात आडवा घातला. "अहो, इतक्या वर्षांत कोणी भिंग लावलं नाही!"

"म्हणूनच लावते."

भिंगाखाली शिक्क्याच्या रेघांत कुंचल्याचे फटकारे स्पष्ट दिसले. त्यांचाही संच बाद झाला. त्या तोडीचा तिसरा संच नव्हता, म्हणून त्या वर्षी पहिला मान कोणालाच मिळाला नाही. काका अल्बम आवरून निघून गेले. त्यात खरी पाकिटेही होती, पण ती बघायला कोणी थांबले नाही. गर्दी जमली ती तणमोरापाशी.

"हा खरंच इतका उंच उसळतो?" गर्दीतल्या एका बाईंनी विचारले.

"उसळतो," निशिगंधा म्हणाली. "पण वाट बघावी लागते."

तात्पर्य एवढेच: जो आपली उणीव स्वतःहून सांगतो, त्याच्या बाकी कामावर लोक विश्वास ठेवतात; जो ती झाकतो, त्याचे खरे कामही संशयात बुडते.