भुयाराची कडी

“…म्हणजे दया मागितली की गुन्हा कबूल केला, असंच ना बुवा?”

निवृत्तीराव वाकळे धुनीपुढं मांडी घालून बसले होते. एके काळचे मंत्री, आता कैदी. आईच्या तेराव्यासाठी पॅरोलवर आलेले, आणि परत तुरुंगात जाता जाता आमच्या मठावर थांबलेले. दिवस मावळायच्या आत हजर व्हायचं होतं. बरोबरचे हवालदार घुगे ओट्यावर बसून सारखे घड्याळ बघत होते.

केवलभारती बुवांनी धुनीतलं लाकूड पुढं सरकवलं. 

बुवांचं हे असंच. विचारणाऱ्याला घाम फुटेस्तोवर गप्प राहायचे. मी मठाची कोठी बघायचो, मला सवय होती. निवृत्तीरावांना नव्हती. भरल्या सभेला एका हातानं गप्प करणारा माणूस तो.

“बुवा, मी काय विचारतोय?”

“ऐकतोय की.”

“मी कालव्याच्या कामातला एक पैसा खाल्ला नाही. तुम्हाला पटतं ना?”

“पटतं.”

पटायला काय, अख्ख्या तालुक्याला ठाऊक होतं. त्या कामाची फाईल वर्षानुवर्षं कपाटात पडली होती. निवृत्तीरावांनी सरकारातला पक्ष सोडला आणि आठवड्याच्या आत तिच्यावरची धूळ झटकली गेली. साक्षीदार कुठून कुठून उगवले. शिक्षा झाली.

“चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, बुवा!”

“संन्याशासमोर बोलतोयस. जरा जपून.”

हवालदार हसले. निवृत्तीराव नाही हसले.

“आता निवडणूक आलीय,” ते म्हणाले. “आता त्याच लोकांचा निरोप आलाय. राष्ट्रपतींकडं दयेचा अर्ज करा, म्हणे. सही आणायचं आमच्यावर सोडा. बाहेर या, आणि आपल्या घरी या.”

“आपल्या म्हणजे?”

“त्यांच्या पक्षात.”

“हं…”

“अर्ज खिशात आहे. वकिलानं लिहून दिलाय. आत जायच्या आधी सही करायची, नाहीतर विषय संपला. उरलेली सगळी वर्षं आतच.” त्यांनी छातीवर हात ठेवला. “सही केली तर लोक म्हणतील, वाकळे गुन्हेगार होता म्हणूनच पाया पडला. नाही केली तर… धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालंय.”

“मग नको करूस.”

निवृत्तीराव दचकले. एवढं सोपं उत्तर त्यांना नको होतं.

“नाहीच करणार,” ते ताठ बसून म्हणाले. “मी काय भितो काय? कर नाही त्याला डर कशाला!”

तेवढ्यात मागं गोठ्याचं दार वाऱ्यानं आपटलं. कडी खणकन वाजली.

निवृत्तीराव ताडकन उठून उभे राहिले. दोन्ही हात अंगाला चिकटवून, मान खाली घालून. तुरुंगात कोठडीचं दार उघडलं की राहतात तसे.

 हवालदारांनी तोंड दुसरीकडं फिरवलं. भला माणूस होता तो.

निवृत्तीराव हळूच खाली बसले. मग त्यांचा आवाजच बदलला.

“शेजारच्या कोठडीत एकजण होता, बुवा. माझ्याच खटल्यातला. रोज भिंतीवर टकटक करायचा. मीही करायचो. एका सकाळी मी केली, तिकडून आलीच नाही… फास लावून घेतला म्हणाले. आदल्या दिवशीच मला म्हणाला होता, उद्या पोरगी भेटायला येणाराय.”

धुनीत लाकूड तडतडलं. 

बुवा उठले. “निवृत्ती, भुयारात माझ्या गुरूंची समाधी आहे. समईत तेवढं तेल घालून ये.”

“आता?”

“आता.”

मी तेलाची बुधली आणून दिली. भुयार म्हणजे डोंगरात खोदलेली खोली. जुने गोसावी तिथं जपाला बसायचे. ठेंगणं दार, जाड सागवानी फळ्या, आणि कडी बाहेरून.

निवृत्तीराव वाकून आत गेले.

बुवांनी दार लोटलं आणि कडी लावली.

“अहो बुवा!” हवालदार धावत आले. “हे काय करताय? माझा कैदी आहे तो! नोकरी जाईल माझी!”

बुवांनी ओठांवर बोट ठेवलं.

आतून आवाज आला. “कोण आहे रे तिकडं? दार लागलं बघा.”

हवालदारांनी बुवांकडं बघितलं.

“हवालदार! उघडा.”

बुवांनी नकारार्थी मान हलवली.

“कोण चेष्टा करतंय? मी कोण आहे ठाऊक आहे ना?”

मग फळीवर थाप पडली. मग दोन्ही मुठी. धडपडीत समई विझली असावी, कारण एकदम ते ओरडले, “अंधार झालाय! अहो, अंधार झालाय इथं!”

मला बुवांचा राग आला, खरं सांगतो. सोन्यासारख्या माणसाची ही काय परीक्षा? मी पुढं झालो तर बुवांनी मला डोळ्यांनीच थांबवलं. त्यांचा हात कडीवरच होता. 

आतून थापा थांबल्या. नखं ओरबाडल्याचा आवाज येऊ लागला. मग रडणं. त्या आवाजात आता मंत्री नव्हता. आई बाजारात हरवल्यावर पोर रडतं, तसं ते रडणं होतं.

“बुवा… चुकलो. माझं चुकलं, बुवा.”

हवालदारांनी टोपी काढून हातात घेतली.

“दया करा. पाया पडतो तुमच्या. दया करा…”

बुवांनी डोळे मिटले.

“सांगाल तिथं सही करतो! सांगाल त्या घरी जातो! पण उघडा…”

सहीचं इथं कोणी विचारलं होतं?

बुवांनी कडी काढली.

निवृत्तीराव गुडघ्यांवरच बाहेर आले. सदरा तेलानं आणि घामानं भिजलेला, बोटांना रक्त. उजेड बघून ते ढसाढसा रडले. खिशातला अर्ज चुरगळून अर्धा बाहेर लोंबत होता. मग समोर बुवांचे पाय दिसले तसे त्यांनी ते दोन्ही हातांनी घट्ट धरले.

“उपकार झाले, बुवा… फार मोठे उपकार. जन्मभर विसरायचो नाही. तुम्ही होतात म्हणून सुटलो.”

बुवांनी पाय मागं ओढून घेतले.

“उपकार कसले रे, निवृत्ती? कडी मीच लावली होती.”