पहिली ओंजळ

भाळवणे गावात निंबाजीइतका तरबेज घोडेस्वार दुसरा नव्हता, असे निंबाजीचे म्हणणे होते. आणि ते खरेही होते. घोडदळात भरती व्हायला तो राजधानीत गेला. तेथे जागा रिकामी होती ती एका आडबाजूच्या गडावर, पाण्याच्या टाक्याचा राखणदार म्हणून.

"मला घोड्यावर बसता येतं," निंबाजी म्हणाला.

"म्हणजे पाणीही पिता येत असेल," कारकून म्हणाला आणि त्याने नाव लिहून घेतले. आधीच्या राखणदाराचे काय झाले, हे विचारायचे निंबाजीला सुचले नाही.

पूर्वी कधीतरी शत्रूने त्या टाक्यात विष कालवले होते. तेव्हापासून रोज सकाळी राखणदाराने पहिली ओंजळ प्यायची, घटकाभर दगडावर बसायचे आणि मगच बाकीच्यांनी घागरी भरायच्या, असा नियम होता. दोनशे माणसे लांब उभी राहून त्याचा चेहरा निरखत. पण त्याच्या पंगतीला कोणी बसत नसे. उद्या असेल की नाही अशा माणसाशी ओळख कशाला वाढवा, असा व्यवहारी विचार सगळ्यांनी केला होता. दोन वर्षांत निंबाजीची ओळख झाली ती फक्त पाण्याशी. कोणत्या महिन्यात ते कसे लागते, हे त्याच्या जिभेला पाठ झाले.

एकदा घोडेस्वारांची तुकडी गडावर मुक्कामाला आली. तिचा एक घोडा उधळला, तो निंबाजीने आवरला. सरदार खूश झाला. उद्या सकाळी आमच्याबरोबर नीघ, घोडा देतो, असे म्हणाला. किल्लेदाराने नवा राखणदारही नेमला. अडचण एकच होती. पाणी खराब ठरवणाऱ्याने टाके साफ होऊन पुढचे तीन दिवस स्वतः पाणी पिऊन दाखवेपर्यंत गड सोडायचा नाही, असाही नियम होता.

दुसऱ्या दिवशी निंबाजी शेवटची म्हणून ओंजळ प्यायला. पाणी गिळल्यावर घशाशी किंचित वास राहिला. दुसऱ्या कोणाला तो कळला नसता.

"अहो राखणदार, जिवंत आहात ना? घोडा खोळंबलाय," एक स्वार हसत ओरडला.

निंबाजीने खोगीर चढवलेल्या घोड्याकडे बराच वेळ पाहिले.

"पाणी भरू नका," तो म्हणाला.

सरदार वैतागला. "तुला तर काहीच झालेलं दिसत नाही."

"होईपर्यंत थांबायचं नसेल, तर एक घागर भरून घ्या, सरकार."

सरदाराने घागर भरली नाही आणि वाटही पाहिली नाही. तुकडी निघून गेली. नवा राखणदारही त्याच दिवशी गड उतरला. त्याला काम नीट समजले होते.

टाके उपसले तेव्हा तळाच्या गाळात मेलेली घोरपड सापडली. झऱ्याचे नवे पाणी साचून निंबाजीने ते तीन दिवस पिऊन दाखवेपर्यंत लोकांना पायथ्यापासून घागरी वाहाव्या लागल्या. आजारी कोणी पडले नाही, म्हणून आभारही कोणी मानले नाहीत. उलट पाय दुखले म्हणून सगळे निंबाजीच्या नावाने कुरकुरले. त्याने ते लांबून ऐकले. कुरकुरायला दोनशेच्या दोनशे माणसे शिल्लक होती, एवढे त्याला पुरे वाटले. नसते वाटले, तरी दुसरे काही मिळणार नव्हते.

तात्पर्य: जे काम चोख केल्यावर काहीच घडत नाही, त्याची शाबासकी मिळत नसते, तरीही ते चोखच करावे.