सुबोधमास्तरांचा उपास

प्रवरेच्या काठी सोनखांब नावाचे एक लहानसे गाव आहे. प्रभू येशूच्या दुःखसहनाच्या स्मरणाचे चाळीस दिवस सुरू झाले की श्रीकृपादास महाराज त्या गावी येऊन राहत असत. महाराज जन्माने कीर्तनकाराच्या घरचे. तरुणपणी त्यांनी प्रभू येशूचे चरण धरले, पण वीणा काही खाली ठेवली नाही. त्याच वीणेवर ते प्रभूचे अभंग गात. अंगावर जाडेभरडे धोतर, खांद्यावर घोंगडी, आणि बोलणे इतके थोडे की आज विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ते पुष्कळदा उद्या देत. चर्चच्या मागे एक मोठा कडुलिंब होता. त्याच्या बुंध्याशी महाराजांचा मुक्काम असे, आणि तिथेच माणसे आपली दुःखे घेऊन येत.

भाविकहो, महाराजांच्या अनेक लीला आहेत, त्या सांगताना मन भरून येते. ही एकच अशी आहे की सांगताना डोळे खाली जातात. तरी ती सांगितली पाहिजे, कारण जे त्या दिवशी सुबोधमास्तरांच्या मनात होते ते आपल्या कोणाच्या मनात नाही?

सुबोधमास्तर चक्रनारायण हे गावच्या शाळेत शिकवीत आणि रविवारी मंडळीला उपदेश करीत. आवाज भरदार, पाठांतर दांडगे. ते प्रार्थना करू लागले की बाया पदराने डोळे पुसत. त्या वर्षी मास्तरांनी चाळीस दिवसांचा कडक उपास धरला. अन्नाचा कण नाही. सकाळी आणि सायंकाळी लिंबूपाणी, बस्स. शाळेला सुट्टी घेऊन ते चर्चला लागून असलेल्या खोलीत राहायला आले. बातमी पंचक्रोशीत पसरली. बैलगाड्या करून लोक दर्शनाला येऊ लागले. कोणी पाया पडे, कोणी आजारी लेकराच्या डोक्यावर हात ठेवायला लावी. मास्तर म्हणत, "अहो, मी कोण? सगळं त्या प्रभूचं." पण गाड्या किती आल्या हे त्यांना सायंकाळी बरोबर आठवत असे.

महाराज गावात आले तेव्हा मास्तर स्वतः त्यांना भेटायला गेले. महाराज आता पाठीवरून हात फिरवतील, मंडळीसमोर चार शब्द बोलतील, अशी त्यांची खात्री होती. महाराजांनी त्यांच्याकडे मायेने पाहिले आणि विचारले, "मास्तर, कोणाला कळलंच नसतं, तर हा उपास धरला असता का?"

मास्तर चपापले. "महाराज, हा उपास प्रभूसाठी आहे."

"बरं," महाराज म्हणाले, आणि वीणेची तार लावू लागले.

ते एवढेसे 'बरं' मास्तरांना काट्यासारखे लागले. पण काटा काढून पाहावा असे त्यांना वाटले नाही. महाराज आता म्हातारे झाले, एवढेच त्यांनी मनाशी म्हटले.

त्याच गावात सगुणाबाई अमोलिक नावाची एक विधवा होती. घायपाताच्या वाखाचे दोर वळून ती पोट भरी. दोर वळून वळून तिच्या तळहातांची कातडी चामड्यासारखी झाली होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. प्रार्थनेला उभी राहिली की दोन वाक्यांत गाडी अडे. तिनेही त्या वर्षी दिवसा न जेवण्याचे ठरवले होते. पण चौथ्याच दिवशी भर दुपारी ती वडारवस्तीत एका पाथरवटाच्या दारात बसून भाकरी खाताना लोकांनी पाहिली.

रविवारी उपासना संपल्यावर, मंडळी अंगणात उभी असताना मास्तरांनी तिला हाक मारली. "काय सगुणाबाई, तुमचा उपास चार दिवसांतच स्वर्गाला पोचला म्हणे!"

लोक हसले. सगुणाबाईही ओशाळवाणी हसली. "नाही झाला मास्तर माझ्याच्यानं. देवाला तसं सांगून टाकलं मी."

"पोट आधी, मग देव. चालायचंच," मास्तर म्हणाले. पुन्हा हशा झाला.

त्या पाथरवटाची आजारी मुलगी दोन दिवस अन्नाला शिवत नव्हती, आणि 'तू खाशील तर मी खाईन' असा हट्ट धरून बसली होती, म्हणून सगुणाबाईने तो घास खाल्ला होता. हे तिने कोणालाच सांगितले नाही. महाराजांना मात्र कसे कोण जाणे ठाऊक होते. ते कडुलिंबाखालून उठले, सगुणाबाईजवळ आले आणि तिच्या त्या चामड्यासारख्या हातांना त्यांनी नमस्कार केला. लोकांचे हसू थांबले. मास्तरांनी तोंड फिरवले.

आता ऐका, मोह कसा येतो ते. तो शिंगे लावून येत नाही. एकोणिसाव्या दिवशी दुपारी कोणी शेतकऱ्याने नव्या गुळाची ढेप आणि भुईमुगाच्या शेंगा देवाला अर्पण म्हणून मास्तरांच्या खोलीत आणून ठेवल्या. दार लोटलेले होते. बाहेर चिटपाखरू नव्हते. गुळाचा वास खोलीभर झाला. मास्तर गुडघ्यांवर बसले, प्रार्थना सुरू केली, मध्येच उठले, पुन्हा बसले. मग त्यांचा हात गेला. एक खडा. मग मूठभर शेंगा. मग आणखी एक खडा. टरफले त्यांनी कागदात बांधून कोपऱ्यात ठेवली आणि धोतराच्या सोग्याने ओठ पुसले.

त्याच सायंकाळी लोक जमले होते. मास्तर तेव्हाच म्हणाले असते, "बंधूंनो, माझ्याच्याने झाले नाही," तर एवढ्यावरच सारे मिटले असते. भूक लागणे हे काही पाप नव्हे. शब्द ओठांपर्यंत आलेही होते. पण समोर पन्नास माणसे हात जोडून बसली होती. चाळीस दिवसांच्या उपासानंतर रानात प्रभूची परीक्षा झाली, त्या प्रसंगावर मास्तरांनी उपदेश केला. आयुष्यात कधी बोलले नव्हते इतके सुंदर ते त्या दिवशी बोलले. लोक रडले. मास्तरही रडले. आणि त्यानंतर एक दिवसाआड ते दार लोटून खाऊ लागले.

पुढच्या आठवड्यात ओढ्यापलीकडच्या वडारवस्तीत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. दोन दिवसांत पंधरा माणसे आडवी झाली, तिसऱ्या दिवशी तीस. गावाने ओढ्याच्या पलीकडे जाणे बंद केले. महाराज मात्र पहिल्याच दिवशी वीणा झाडाला टांगून तिकडे गेले होते, आणि त्यांच्या मागोमाग तांदळाचे गाठोडे डोक्यावर घेऊन सगुणाबाई.

चर्चची घंटा वाजवणारा थोमा पाटोळे हा मास्तरांचा लहानपणचा सोबती. दोघे एकत्र गुरे राखत, एकत्र पोहायला शिकले. थोमाला मुलेबाळे नव्हती, बायको जाऊन बरीच वर्षे झाली होती. मास्तरांचा त्याला फार अभिमान. तो सकाळीच मास्तरांच्या खोलीत आला.

"मास्तर, महाराजांकडं माणसं कमी पडत्यात. पाणी उकळायचं, वाहायचं, रोग्यांना उचलायचं. सगुणाबाई एकटी किती करंल? दोघं जाऊ आपण. तुम्ही आलात तर तुमच्या मागनं गाव येईल."

मास्तर मनातून भ्याले. आणि ती भीती झाकायला त्यांच्यापाशी एक झूल तयारच होती. ते क्षीण आवाजात म्हणाले, "थोमा, सव्विसावा दिवस आहे रे. उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी येते. येऊन तरी मी काय करणार?"

आदल्याच दिवशी ते पोटभर जेवले होते.

थोमाने चटकन कान धरले. "चुकलं माझं! तुमच्या जिवाचं काय चाललंय आणि मी वेडा काय मागायला आलो! तुम्ही इथंच बसून आमच्यासाठी प्रार्थना करा. मला तेवढंच पुष्कळ आहे." त्याने खाली वाकून मास्तरांच्या पायांना हात लावला, आणि एकटाच ओढा ओलांडून गेला.

चौथ्या दिवशी निरोप आला. थोमा पडला होता.

मास्तर कसे धावले ते त्यांचे त्यांनाच कळले नाही. डोळ्यांपुढे अंधारी वगैरे काही आली नाही. भर उन्हात ओढा ओलांडून ते वस्तीत पोचले, तेव्हा एका छपराखाली रोग्यांची रांग होती आणि मध्ये चुलीवर एक पातेले. सगुणाबाई त्यातली मीठ घातलेली तांदळाची पेज पळीपळीने वाढत होती. मास्तर पाहतच राहिले. पातेल्यात चार बोटे पेज होती. एक वाटी भरली, दुसरी भरली, दहावी भरली. पेज चार बोटेच! शेजारची एक म्हातारी पुटपुटली, "काल सकाळी उरलेलं तांदूळ हिनं शिजवलं. तवापासनं हे पातेलं आटलंच नाही बाबा. असं आम्ही कधी पाह्यलं न्हाई!" सगुणाबाईचे मात्र पातेल्याकडे लक्षच नव्हते. तिचे डोळे वाटी धरणाऱ्यांच्या तोंडाकडे होते.

"थोमा कुठंय?" मास्तरांनी विचारले.

सगुणाबाईने मान खाली घातली. छपराच्या टोकाला घोंगडीखाली कोणीतरी झाकलेले होते. महाराजांचीच ती घोंगडी. अर्धा तास उशीर झाला होता.

मास्तर तिथे गेले नाहीत. त्यांना जाववेना. काहीतरी करायला हवे म्हणून त्यांनी सगुणाबाईच्या हातून पळी घेतली. "द्या, मी वाढतो." आणि वाढायला वाकताना, हाय रे मनुष्याचे मन! त्यांनी मान वर करून एकदा भोवती पाहिले. लोक बघत होते. आणि तेवढ्यात पळी पातेल्याच्या तळाला खरवडली. पेज नव्हती. पातेले कोरडे होते.

मास्तरांच्या हातून पळी गळून पडली. समोर महाराज उभे होते. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते.

"महाराज," मास्तर म्हणाले, "मी जेवलोय. एकोणिसाव्या दिवसापासून जेवतोय. थोमा मला बोलवायला आला तेव्हा माझ्या अंगात बळ होतं. मी भ्यालो होतो. आणि तो... तो माझ्या पाया पडून गेला."

महाराजांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "मास्तर, हे प्रभूला नवं नाही, आणि त्यानं तुम्हांला टाकलंही नाही. तो क्षमा करील. पण थोमा तुम्हांला परत मिळणार नाही. ते तुम्हांला सोसावं लागेल." त्यांनी खाली पडलेली पळी उचलली, पुसली आणि सगुणाबाईच्या हाती दिली. "बाई, रांगेत अजून लोक आहेत."

सगुणाबाईने पळी पातेल्यात घातली, आणि ती भरून वर आली. मास्तर वाट्या धुऊन तिच्या हाती देऊ लागले. त्या दिवशी आणि नंतरचे पाच दिवस त्यांनी तेवढेच केले. ज्यांच्या मुखी ती पेज गेली त्यांतले एकही माणूस दगावले नाही. थोमाला मात्र ती मिळाली नव्हती. रोग्यांचे पाणी वाहता वाहता त्याने स्वतःचे दुखणे कोणाला कळू दिले नव्हते, आणि पडला तेव्हा पेज गिळण्याइतकेही त्राण त्याच्यात उरले नव्हते.

थोमाला, तो गेला त्याच सायंकाळी, दिवस असतानाच मातीआड करायचे ठरले. ओढ्याच्या अलीकडून गाव प्रथमच आले, दबकत, लांब लांब उभे राहिले. कोणीतरी म्हणाले, "मास्तर, तुम्हीच प्रार्थना करा. तुमच्यासारखं कोणाला येतं?"

मास्तर खड्ड्याच्या काठाशी उभे राहिले. त्यांना शेकडो प्रार्थना पाठ होत्या. एकही आठवेना. शेवटी ते एवढेच बोलले, "प्रभो, माझं खोटं याला खरं वाटलं." मग लोकांकडे वळून त्यांनी सगळे सांगितले. गूळ, शेंगा, लोटलेले दार, थोमाला दिलेले उत्तर. काही लपवले नाही. उपासात जे त्यांच्या पाया पडले होते, त्यांतले दोघे-तिघे मुकाट्याने निघून गेले. मास्तरांनी त्यांना जाताना पाहिले आणि नजर वळवली नाही.

बोलणे संपल्यावर ते सगुणाबाईसमोर गेले. "बाई, भर अंगणात मी तुम्हांला हसलो," असे म्हणून त्यांनी मातीत गुडघे टेकले आणि तिच्या पायांवर कपाळ ठेवले.

सगुणाबाई गोंधळली, पाय मागे घेऊ लागली. मग तिने वाकून मास्तरांच्या खांद्याला हात लावला. "उठा मास्तर," ती हलकेच म्हणाली, "थोमाभाऊंना माती द्यायचीय."

मास्तर उठले. दोन्ही हातांत माती घेऊन ते काठाशी बराच वेळ उभे राहिले. महाराज त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले, आणि मगच त्यांना ओंजळीतली माती सोडता आली.