खुर्चीतला डाव

“बसायला काय शिकायचं असतं, सर?”

केतकी सरनोबतच्या आवाजात राग होता आणि तो तिने लपवलाही नव्हता.

खोत सरांनी भिंतीलगतच्या खुर्चीकडे नुसती हनुवटी केली.

विद्यापीठाच्या बिलियर्ड्स-पूल क्लबमध्ये तेव्हा केतकीच्या तोडीचं कुणी नव्हतं. ती टेबलावर वाकली की चेंडू तिचं ऐकायचे. राज्यात ती पहिली आली होती आणि ते तिच्या चालण्यातही दिसायचं. देशभरातल्या विद्यापीठांची स्पर्धा तोंडावर आलेली. संघातली बाकीची पोरं टेबलावर घाम गाळत होती, आणि जिच्या जिवावर संघ उभा होता तिला सरांनी खुर्चीत बसवलं होतं.

दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर ती बसली नसती. पण खोत सर एके काळी देशपातळीवर खेळलेले. त्यांचा खेळ पाहिलेली माणसं आता थोडीच उरली होती. जी होती, ती त्याबद्दल बोलताना आवाज खाली आणायची.

केतकी बसली.

समोर संघातला हुजेफा मुजावर खेळत होता. केतकीने क्यूच्या, चेंडू मारायच्या काठीच्या, टोकाला खडू घासला. पाय हलवला. घड्याळ पाहिलं. हुजेफाचा एक सोपा चेंडू हुकला, तशी ती ताडकन उठली.

“कुठे?” सर म्हणाले.

“तो चुकला. आता माझी पाळी.”

“तू बसलीच नव्हतीस.”

“मघापासून बसलेय की सर.”

“वाट बघत होतीस.”

“मग खुर्चीत दुसरं काय करायचं? समोरचा खेळत असताना आपल्या हातात काहीच नसतं.”

“हं... तेवढंच शिकायचंय,” सर म्हणाले, आणि हुजेफाची कोपराची चूक दाखवायला निघून गेले.

केतकीला ते कळलं नाही. पण तिचा हट्ट असा, की जे कळलं नाही ते सोडून देणं तिला जमत नसे. ती रोज बसू लागली. आधी चिडून, मग कंटाळून. नंतर नंतर चीडही गेली आणि कंटाळाही गेला. काय उरलं ते तिला सांगता आलं नसतं.

स्पर्धा इंदूरला होती. संघ एकेक सामना जिंकत अंतिम फेरीत पोचला. विद्यापीठाच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडत होतं. समोर मिझोरमच्या विद्यापीठाचा संघ होता. दोन्ही बाजू बरोबरीत आल्या आणि सगळं येऊन ठेपलं शेवटच्या जोडीच्या शेवटच्या डावावर. आपल्याकडून केतकी. त्यांच्याकडून लालरेमी नावाची एक बुटकी, शांत मुलगी.

खेळ सोपा आहे. एकीचे पट्ट्यांचे चेंडू, दुसरीचे एकरंगी. क्यू फक्त पांढऱ्या चेंडूला लावायचा, त्याच्या धक्क्याने आपले सगळे पॉकेटात घालायचे आणि शेवटी काळा घालायचा. चेंडू जात राहिला तर तीच खेळत राहणार. चुकली तर दुसरीची पाळी.

डाव फोडायची, म्हणजे पहिल्या फटक्याची, पाळी लालरेमीची होती.

तिने फोडला. एक चेंडू गेला. मग दुसरा.

केतकी खुर्चीत होती.

चुकू दे, ती मनात म्हणत होती. एकदाच चुकू दे. पुढचं मी बघते.

लालरेमी चुकत नव्हती. घाई नाही, डौल नाही. देवघरात निरांजन ठेवावं तितक्या जपून ती पांढरा चेंडू हवा तिथे आणून ठेवत होती. प्रेक्षकांतली कुजबुज हळूहळू थांबली.

मग तिचा हात किंचित जड पडला. पांढरा हवा त्यापेक्षा पुढे घरंगळला आणि केतकीच्या दोन चेंडूंच्या आड जाऊन बसला. लालरेमीचा शेवटचा पट्ट्याचा चेंडू टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला. सरळ वाट बंद.

हुजेफाने मूठ आवळली. मागून कुणी तरी म्हणालं, “आली आता आपली पाळी.”

केतकीचा भार पावलांवर आला. ती उठणारच होती.

लालरेमी टेबलाभोवती फिरू लागली. थांबली. वाकून पाहिलं. परत फिरली. तिच्याबरोबर केतकीची नजरही फिरू लागली, आपली पाळी येणार म्हणून नव्हे... नुसतीच.

आणि केतकीला वाट दिसली.

पांढरा मागे जाईल. लांबच्या कडेला लागेल, तिथून आखूड कडेला, आणि कुणाला स्पर्श न करता सगळं टेबल ओलांडून त्या एकट्या पिवळ्या पट्ट्याला अलगद हात लावील. पाण्यावर वाऱ्याने काढलेल्या रेघेसारखी ती वाट हिरव्या कापडावर स्वच्छ उमटली होती. इतकी उघड, की इतरांना कशी दिसत नाही याचं तिला नवल वाटलं.

लालरेमी अजून दुसरीकडेच बघत होती.

मग तिची मान वळली. नजर त्या लांबच्या कडेपाशी आली... आणि थांबली.

केतकीच्या अंगावर काटा आला.

जाऊ दे, तिच्या मनात आलं. जाऊ दे हा चेंडू.

लालरेमी वाकली. क्यूचा आवाज जेमतेम झाला. पांढरा एका कडेला लागला, दुसऱ्या कडेला लागला, आणि टेबलभर एकटाच चालत राहिला. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये कुणी श्वास घेत नव्हतं. तो पिवळ्याला लागला. पिवळा निघाला, पॉकेटच्या तोंडाशी डगमगला...

पडला.

शांततेत एकच आवाज उमटला. ठक. मग पुन्हा, ठक.

या खेळात समोरच्याचा चेंडू फार सुंदर गेला की खेळाडू क्यूचं बूड जमिनीवर टेकवून दाद देतात. क्यू केतकीचा होता. तो आपणच वाजवला हे तिला नंतर कळलं.

त्यानंतर काळा गेला, आणि संपलं. शेवटच्या डावात केतकीने एकदाही चेंडूला क्यू लावला नव्हता.

लालरेमी हात मिळवायला आली. हात लगेच सोडला नाही. मोडक्या हिंदीत हळूच म्हणाली, “तुमने पहले देखा ना?”

केतकीने मान हलवली.

हुजेफाचे डोळे लाल झाले होते. “आपण हरत होतो, केतकी,” तो म्हणाला. “सगळं विद्यापीठ तुझ्याकडे डोळे लावून बसलं होतं. आणि तू तिला दाद दिलीस.”

तो खोटं बोलत नव्हता. तेच तिला लागलं.

बक्षीस समारंभ आटोपला. हॉलबाहेर दुपारचं ऊन उतरत होतं. खोत सर पायरीवर बसले होते. केतकी जवळ जाऊन उभी राहिली. सरांनी बाजूला सरकून जागा करून दिली. आजवर तिने त्यांना असं कुणासाठी सरकताना पाहिलं नव्हतं. ती बिचकतच टेकली.

“सर, मला एक सांगायचंय.”

“हं.”

“तो शॉट... तिचा चुकावा असं मला वाटायला हवं होतं.”

सर ऐकत होते.

“नाही वाटलं. जावा असं वाटलं. मनापासून वाटलं, सर.” ती खाली बघत म्हणाली, “मी आपल्याच लोकांशी बेइमानी केली का?”

सरांनी विचारलं, “ती वाट तुला कधी दिसली? तिने मारल्यावर?”

“नाही. आधी.”

“तिला दिसल्यावर?”

तो क्षण केतकीने पुन्हा डोळ्यांसमोर आणला. लालरेमीची न वळलेली मान. हिरव्या कापडावरची ती रेघ.

“तिच्याही आधी,” ती पुटपुटली.

“आणि तुझ्या हातात काय होतं?”

“काहीच नव्हतं.”

“जावा असं वाटलं?”

“हो.”

सर तिच्याकडे वळले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते तिच्याकडे शिष्येकडे बघावं तसं बघत नव्हते. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

“आज तू खरी बसलीस; वाट आधी तुला दिसली, क्यू तिने चालवला. मग मला एवढंच सांग, केतकी,” ते म्हणाले. “तो शॉट मारला कुणी?”