पाणी न प्यालेली हंडी

भांड्यांना हातपाय होते आणि आपली खानावळ ती आपणच चालवायची, तेव्हाची गोष्ट. मातीची थोरली हंडी एकटीने आमटी शिजवून शिजवून थकून गेली होती. शेवटी तिच्या मदतीला कुंभाराकडून नवी हंडी आली.

"आत्या, चुलीवर चढण्याआधी काही करायचं असतं का?" नवीने विचारलं.

पंगत बसायला आली होती. थोरली खेकसली, "आम्हाला कोण आलं होतं शिकवायला? चढ वर! चूल शिकवते सगळं."

नवी बिचारी चढली. आमटीला उकळी फुटते न फुटते तोच ती कडकन तडकली. आमटीने चूल विझली, पंगत उपाशी उठली.

खापऱ्या वेचताना थोरलीला आपला पहिला दिवस आठवला. त्या दिवशी तिला कुणी कामच दिलं नव्हतं. रांजणाने तिला काठोकाठ भरून नुसतं बसवून ठेवलं होतं. "कोरडी माती आगीत टिकत नाही, पोरी. आधी पोटभर पाणी पी."

तिने मान वर केली. रांजण तिथेच होता, चुलीपासून दोन पावलांवर, भरलेला.

"एक हाक मारायचीस गं," तो म्हणाला.

चूल पुन्हा पेटवून थोरली एकटीच वर चढली.