पत्र्याच्या आळीतली सावली

दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं झाली होती, तेव्हा हे सुरू झालं. एका नगरात पत्र्याच्या आळीत सगुणा नावाची बाई राहायची. तिचं सहा महिन्यांचं बाळ उकाड्याने मलूल पडलं. दूध ओढेना. तिने त्याला पदराखाली घेतलं आणि वरच्या आळीत पळत गेली. तिथे दाट झाडी होती. एका करंजाखाली बसून तिने बाळाला ओल्या फडक्याने पुसलं. तासाभराने ते प्यायला लागलं, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

राजवैद्य तिथूनच चालले होते. ते म्हणाले, "बाई, तुमच्या आळीत मी रोज येतो आणि इथे महिन्यातून एकदा. औषध तर दोन्हीकडे एकच देतो."

"पण तुमच्या पुडीत सावली कुठेय, वैद्यबुवा?" सगुणा म्हणाली.

वैद्य तिला तसेच राजाकडे घेऊन गेले. राजा त्या दिवशी शंभर रोपं वाटणार होता. कारभारी यादी वाचत होता. सगळी नावं वरच्या आळीची. नियम जुनाच होता: ज्याच्या दारी आड, त्याच्या दारी झाड. पाण्यावाचून रोप जळू नये म्हणून केलेला. तसं त्यात वाईट काही नव्हतं. पण पत्र्याच्या आळीत आडच नव्हता. बाया नदीवरून पाणी आणायच्या.

"रोपांना काय पाजणार? ऊन?" कारभारी हसला.

सगुणा पुढे झाली. "महाराज, आमच्याकडे घरोघरी तान्ही लेकरं आहेत. रोज न्हाऊ घालतो. डाळीचं पीठ लावून, साबण नाही. ते पाणी दारातून वाहून जातं. एका लेकराचं न्हाणं एका रोपाला पुरतं."

"झाड वाढेस्तोवर तुझं बाळ मोठं होईल की!" कारभारी म्हणाला.

"आधी हे मोठं तर होऊ द्या. मग पाठचं सावलीत निजेल."

वरच्या आळीचे लोक कुरकुरले, "दरवर्षी रोपं आम्हालाच मिळतात!"

राजाने कारभाऱ्याकडून यादी घेतली. रोज दरबारात बसणारी ही माणसं, त्यांना दुखवायचं कसं? मग तो म्हणाला, "पंगतीत ज्याचं पान कोरडं, त्याला आधी वाढतात. दुसरा लाडू मागणाऱ्याने थोडं थांबावं." आणि त्याने यादी बदलली.

पहिल्या उन्हाळ्यात तीस रोपं जळाली. बायांनी ती पुन्हा लावली. सहाव्या उन्हाळ्यात वैद्यबुवा दोन्ही आळ्यांत सारखेच दिसू लागले, म्हणजे क्वचितच.

तात्पर्य: नियम सगळ्यांना एकच असला म्हणजे न्याय झाला असं नाही. जिथे ऊन जास्त लागतं, तिथे झाड आधी लावावं. सावली ही हौस नाही, लेकरांच्या जिवाची गरज आहे.

तुमच्या गावात झाडांची यादी निघाली, तर ती कोणत्या आळीची आहे ते बघा, आणि ही गोष्ट शेजारणीच्याही कानावर घाला.