उगवण चाचणीतून सूट मिळण्याबाबत

विषय: सोयाबीनच्या थोरल्या पोत्याने उगवण चाचणीतून सूट मिळावी म्हणून केलेला अर्ज.

पोती बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. उन्हाळी पेरणी तोंडावर आली की ओली गोणपाटमावशी कोठारात येई आणि प्रत्येक पोत्याकडून शंभर दाणे मागून आपल्या ओल्या घडीत गुंडाळून घेई. चार-पाच दिवसांत किती दाणे उगवतात ते पाहायचे आणि मगच पेरायचे, असा रिवाज होता.

थोरले पोते फुगले. "आमची चाचणी? मावशी, आमचे आजोबा संशोधन केंद्रात जन्मले!"

"आजोबांना कुठं पेरायचंय, बाळा? हमालानं तुला गाडीतून आपटलं, ते मी पाहिलंय. सोयाबीनचं साल नाजूक असतं."

पोत्याचा आवाज खाली आला. "कमी उगवले, तर तेलाच्या गिरणीत धाडतील हो."

"वेडा आहेस. थोडे कमी उगवले तर थोडं दाट पेरतात."

पोत्याला ते पटले. पण अर्ज एकदा वर गेला होता आणि मागे घेणे कुळाला शोभणारे नव्हते. शेजारच्या ठिगळवाल्या पोत्याने मुकाट्याने शंभर दाणे दिले, त्याची चाचणी झाली आणि ते पोते शेतात गेले.

पेरणी आटोपली. शेंगाही धरल्या. अर्ज विचाराधीन आहे.